वाटेगावचा तुकाराम : लोकशाहीर अण्णा भाऊ साठे

आपल्या मंडळास पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. अशा प्रसंगी निघणाऱ्या स्मरणिकेत एखाद्या थोर महाराष्ट्रीय व्यक्तीचे चरित्र असावे, हा परिपाठ आहे आणि तो योग्यच आहे. घरापासून दूर वाढणाऱ्या आपल्या मुलाबाळांना आपली माणसे कोण, हे कळण्याचा तो एक सोपा मार्ग होय. संतांची, समाजसुधारकांची व नाटककारांची चरित्रे अशा अंकांतून वरचेवर येतात. या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी आम्ही लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांचे नाव निवडले आहे. त्यांचे नाव ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. परंतु त्यांची पुस्तके आपल्यापैकी किती घरांतील कपाटांत आहेत, असे विचारले तर आम्हांसह अनेकांना थोडे संकोचल्यासारखे होईल. हा लेख लिहिण्यामागे तो संकोचही आहे.

अण्णा भाऊंचे मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. त्यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवे तालुक्यातील वाटेगाव येथे झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात येते. त्या काळी तो सातारा जिल्ह्याचा भाग होता. आईचे नाव वालूबाई. घर मांगवाड्यात होते, आणि या एका गोष्टीचा अर्थ काय होतो हे समजल्यावाचून पुढील चरित्र नीट उमगणार नाही.

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे १९११ साली तो मुंबई इलाख्यासही लागू झाला. एखाद्या माणसाने गुन्हा केला की नाही, हा प्रश्नच या कायद्याने बाजूला सारला. माणूस विशिष्ट जमातीत जन्मास आला एवढ्यावरून तो संशयित ठरे. त्याने पोलीस पाटलाकडे वा चावडीवर हजेरी द्यावी, परवानगीवाचून गाव सोडू नये, असे निर्बंध त्याच्यावर येत. मांग समाजातील असंख्य माणसे या कायद्याच्या जाचात सापडली होती. वस्तुतः हा समाज दोर वळणारा, केरसुण्या बांधणारा, वाजंत्री वाजवणारा आणि गावाची राखण करणारा होता. एकीकडे त्याच्यावर गावाच्या राखणीची जबाबदारी आणि दुसरीकडे त्याच्याच नावाची चोरांच्या यादीत नोंद, असा हा विलक्षण न्याय होता. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली हा कायदा रद्द झाला. त्या वेळी अण्णा भाऊ बत्तीस वर्षांचे होते.

तुकारामाची शाळा जेमतेम दीड दिवस चालली, असे सर्वत्र सांगितले जाते. वय वाढलेले, वर्ग पाटी धरणाऱ्या लहानग्यांचा आणि मास्तरांचा मार जबर. तो मुलगा शाळेतून उठला तो पुन्हा गेलाच नाही. मात्र तालीम, दांडपट्टा, रानावनातील भटकंती, जत्रेतील तमाशा आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडच्या गोष्टी हे सारे शिक्षण चालूच होते. त्या गोष्टींत एक नाव सतत येई, ते म्हणजे फकिरा. इंग्रजी अमलाविरुद्ध बंड करून उठलेला हा वाटेगावचाच मांग पुरुष अण्णा भाऊंच्या नात्यातला होता. तुकारामाच्या जन्माच्या वेळी फकिराने लुटीतील सुरती रुपये ओंजळीने बाळंतिणीच्या घरी दिले, अशी आठवण साठे घराण्यात जपली गेली आहे. ज्या धनाला सरकार चोरीचा माल म्हणत होते, त्यातून या मुलाची पहिली बाळगुटी आली. हे धन पापाचे की पुण्याचे, हा प्रश्न जणू त्याच्या पाळण्याशीच येऊन बसला होता. अण्णा भाऊंच्या साऱ्या लेखनाकडे पाहिले असता ते आयुष्यभर याच प्रश्नाचे उत्तर शोधत होते, असे म्हणावयास हरकत नाही.

सुमारे १९३१ साली हे कुटुंब मुंबईस निघाले. वडील मुंबईत बागकाम करीत असत, पण सर्वांच्या गाडीभाड्याइतके पैसे कुठले असणार? वाटेगाव ते मुंबई हे अंतर तीनशे किलोमीटरांहून अधिक आहे. ते या मंडळींनी पायी तोडले. वाटेत मिळेल ते काम करावे, मिळेल ते खावे आणि पुढे चालावे, असा तो प्रवास होता. तुकाराम तेव्हा अकरा वर्षांचा होता.

येथे क्षणभर थांबून आम्ही आपल्या डोळ्यांसमोरचे एक चित्र आठवू इच्छितो. मार्च २०२०च्या अखेरीस टाळेबंदी जाहीर झाली आणि या दिल्लीतून हजारो माणसे डोक्यावर बोचकी व कडेवर मुले घेऊन पायी आपापल्या गावांकडे निघाली. आपण सारे घरांत सुरक्षित होतो. मुनिरक्याच्या सदनिकांपासून हाकेच्या अंतरावर जुन्या गावाच्या अरुंद गल्ल्या आहेत. तेथील एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारी, आपल्या घरची धुणीभांडी, रंगकाम आणि सुतारकाम करणारी माणसे एकाएकी दिसेनाशी झाली, तेव्हा कुठे ती कोठून आली होती याची आपण चौकशी केली. योगायोग असा की, ते वर्ष अण्णा भाऊंच्या जन्मशताब्दीचे होते. समारंभ सर्वत्रच राहून गेले. परंतु शताब्दीपुरुषाच्या बालपणातील पायपीट त्या दिवसांत पुन्हा एकदा आपल्यासमोरून गेली होती.

मुंबईत आल्यावर तुकारामाने हरतऱ्हेची कामे केली. कोळसा वाहिला, हमाली केली, फेरी करून वस्तू विकल्या आणि पुढे मोरबाग गिरणीत कामगार म्हणून तो लागला. अक्षरओळख झाली ती दुकानांच्या पाट्या आणि चित्रपटांच्या जाहिराती वाचता वाचता. गिरणगावातील संप, सभा व मिरवणुका यांतून तो कम्युनिस्ट पक्षाच्या कार्यकर्त्यांच्या संपर्कात आला. माटुंग्याच्या लेबर कँपात त्याचे वास्तव्य होते. तेथील कामगारांपुढे गाणी म्हणता म्हणता तुकारामाचे अण्णा भाऊ झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी रचलेला स्टालिनग्राडचा पोवाडा गाजला. १९४४ साली शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले.

या कलापथकाने मराठी तमाशाला नवे वळण दिले. गणगौळणीच्या जागी कामगार, शेतकरी आणि देश यांना वंदन आले. राजा-प्रधानाच्या जागी सावकार, गिरणीमालक व निवडणुकीला उभे राहिलेले शेठजी आले. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘माझी मुंबई’ ही त्यांची वगनाट्ये हजारोंच्या जमावापुढे होत. सरकारने कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंधने आणली, तरी नाव बदलून, जागा बदलून कार्यक्रम चालूच राहिले. लोकनाट्य हा शब्द आज आपण सहज वापरतो. तो रूढ होण्यामागे या मंडळींचा मोठा वाटा आहे. ‘इप्टा’ या अखिल भारतीय नाट्यसंस्थेच्या अध्यक्षपदाचा मानही १९४९च्या सुमारास अण्णा भाऊंना मिळाला.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तर या शाहिरांनी रान पेटवले. गावी राहिलेल्या प्रियेच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या मुंबईकर कामगाराची अण्णा भाऊंची छक्कड त्या दिवसांत घरोघर पोहोचली. वरवर ती विरहाची लावणी आहे. तिच्यातील ती मैना म्हणजे बेळगाव-कारवारचा दुरावलेला मराठी मुलूख आहे, हे श्रोत्यांना सांगावे लागत नसे. आपल्यासारख्या घरापासून दूर राहणाऱ्यांना ती ऐकताना आजही गलबलून येते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. त्या यशाचे अनेक मानकरी झाले. ज्यांच्या डफाने माणसे मैदानावर आणली, ते मात्र पुन्हा झोपडीतच परतले.

ती झोपडी घाटकोपरच्या चिरागनगरात होती. अण्णा भाऊंचे बरेचसे लेखन तेथेच झाले. सुमारे पस्तीस कादंबऱ्या, पंधरा कथासंग्रह, पोवाडे, लोकनाट्ये आणि एक प्रवासवर्णन एवढा पसारा दीड दिवस शाळेत गेलेल्या माणसाने उभा केला. त्यांच्या कथा-कादंबऱ्यांवरून ‘वैजयंता’, ‘फकिरा’, ‘वारणेचा वाघ’ यांसारखे चित्रपटही निघाले.

या साऱ्या लेखनात अग्रमान ‘फकिरा’ या कादंबरीचा आहे. ती १९५९ साली प्रसिद्ध झाली. अण्णा भाऊंनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली आहे. महाराष्ट्र शासनाने १९६१ साली तिला पारितोषिक दिले. कादंबरीचा काळ इंग्रजी अमलातील दुष्काळाचा आणि रोगराईचा आहे. वाटेगावची जत्रा भरावी म्हणून फकिराचा बाप राणोजी शिगावची जोगणी हिमतीने घेऊन येतो आणि त्यापायी प्राण गमावतो. गावाच्या मानासाठी मेलेल्या या माणसाच्या वस्तीला पुढे दुष्काळ पडला तेव्हा कोण विचारणार? घरात दाणा नाही, मुले डोळ्यांदेखत मरत आहेत आणि सरकारला काळजी आहे ती हजेरीच्या वहीची. अशा वेळी फकिरा आणि त्याचे सोबती धनिकाच्या वाड्यातील धान्याची पेवे फोडतात आणि ते धान्य वाटून देतात. पुढे ते सरकारी खजिन्यावर हात घालतात.

कायद्याच्या भाषेत हा दरोडाच होय. अण्णा भाऊ तो लपवीत नाहीत व त्याचे लाडही करीत नाहीत. फकिराला त्यांनी काही मर्यादा घालून दिल्या आहेत. बायाबापड्यांच्या अंगाला हात लावायचा नाही, गरिबाचे घ्यायचे नाही आणि गरजेपुरतीच लूट करायची. या मर्यादांमुळेच कादंबरीचा शेवट अटळ होतो. सरकार फकिराला पकडू शकत नाही, तेव्हा ते त्याच्या वस्तीतील म्हातारेकोतारे, बायका व मुले कोंडून ठेवते. आता पळत राहावे तर निरपराध माणसे उपासमारीने मरणार, आणि हजर व्हावे तर स्वतःचा जीव जाणार. ज्या भुकेल्यांसाठी त्याने चोरी पत्करली, त्यांच्याचसाठी तो आपली तलवार साहेबाच्या स्वाधीन करतो. ही कादंबरी वाचताना आम्हांस वाटते की, तिचा खरा विषय शौर्य हा नसून निवड हा आहे. दोन्ही वाटा काट्यांच्या असताना माणसाने कोणती धरावी, हा तो विषय होय.

या विषयाला जागतिक साहित्यात मोठी परंपरा आहे. व्हिक्टर ह्यूगोच्या १८६२ सालच्या ‘ले मिझराब्ल’ या कादंबरीतील ज्याँ व्हाल्ज्याँ बहिणीच्या उपाशी मुलांसाठी पाव चोरतो आणि एकोणीस वर्षे बंदिवासात काढतो. डोस्टोव्हस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ या कादंबरीतील दरिद्री विद्यार्थी सावकारणीचा खून करून आपल्याच मनाच्या तुरुंगात अडकतो. अण्णा भाऊंना मॅक्सिम गॉर्कीबद्दल नितांत आदर होता. परंतु ह्यूगो काय किंवा डोस्टोव्हस्की काय, गुन्हेगार म्हणून नोंदलेल्या वस्तीत जन्मले नव्हते. अण्णा भाऊ मात्र त्याच वस्तीतून उठून लिहू लागले होते. त्यांच्या लेखनात दयेपेक्षा आत्मसन्मान अधिक आहे, याचे कारण हेच असावे.

‘फकिरा’तील गुन्ह्याला बंडाचे तेज तरी आहे. ‘स्मशानातील सोनं’ या कथेत तेही नाही. वारणाकाठचा भीमा हा धिप्पाड गडी पोटासाठी मुंबईला येतो आणि उपनगरातील दगडाच्या खाणीत काम धरतो. खाण बंद पडते. बायको आणि लाडकी लेक यांना काय घालावे, या विवंचनेत असताना त्याला चितेच्या राखेत सोन्याचा कण सापडतो. मग राख चाळणे हाच त्याचा उद्योग होतो आणि हळूहळू तो पुरलेली प्रेते उकरू लागतो. बायको विनवते, तो ऐकत नाही. एका रात्री श्रीमंताचे प्रेत उकरताना त्याची बोटे मृताच्या दातांत अडकतात. कोल्ह्यांशी झुंजून तो कसाबसा सुटतो, पण दोन बोटे कायमची जातात. त्याच वेळी बातमी येते की बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाली आहे. डोंगर फोडणारा तो हात आता निकामी झालेला असतो आणि एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा रडू लागतो.

या कथेत खलनायक कोणी नाही. भीमाला पोलीस पकडत नाहीत, न्यायाधीश शिक्षा सुनावत नाही. काम गेले तेव्हा त्याच्या बळाला विचारणारे कोणी नव्हते, एवढेच घडले. आपल्या शहरात प्रत्येक चौकात सकाळी सकाळी थापी-करणी आणि रंगाचे डबे घेऊन मजूर उभे असतात. दुपारपर्यंत काम न मिळालेला मजूर संध्याकाळी घरी काय नेत असेल, हा विचार ही कथा वाचल्यावर मनातून जात नाही.

अण्णा भाऊंच्या स्त्रियाही अशाच कठीण वळणांवर उभ्या आहेत. ‘चित्रा’ ही मुंबईच्या देहविक्रयाच्या बाजारात ढकलल्या जाणाऱ्या मुलींची कहाणी आहे, तर ‘वैजयंता’ ही तमाशाच्या फडात नाचून पोट भरणाऱ्या कलावंतिणीची. या स्त्रिया अब्रूसाठी झगडतात आणि लेखक त्यांच्या बाजूने ठाम उभा राहतो. त्यांच्या लेखनात दोष नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. लिहिण्यावर पोट असल्यामुळे काही कादंबऱ्या घाईने लिहिल्या गेल्या आहेत. त्यांचे नायक कधीकधी अतिउंच होतात आणि योगायोगही जरा हात सैल सोडून येतात. परंतु एवढ्यावरून मराठी समीक्षेने त्यांना दीर्घकाळ दाराबाहेर ठेवावे, हे न्यायाचे नव्हते. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत दलित साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन अण्णा भाऊंनी केले. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून श्रमिकांच्या व दलितांच्या तळहातांवर तोललेली आहे, हा विचार त्यांनी तेथे मांडला. त्या विचाराने पुढील पिढीतील लेखकांना बळ दिले.

१९६१ साली त्यांना सोव्हिएत रशियाला जाण्याची संधी मिळाली. ‘चित्रा’च्या अनुवादामुळे त्यांचे नाव तेथे आधीच पोहोचले होते. त्या प्रवासाचे वर्णन ‘माझा रशियाचा प्रवास’ या पुस्तकात आहे. मॉस्कोच्या रस्त्यांवर फिरताना या माणसाला भिकारी दिसतो का, बेकार दिसतो का, याचाच शोध असे. ज्या डोळ्यांनी त्यांनी चिरागनगर पाहिले, त्याच डोळ्यांनी ते मॉस्को पाहत होते.

अखेरची वर्षे मात्र कष्टाची गेली. संसार विसकटला, प्रकृती ढासळली, व्यसन जडले आणि जुने सोबती पांगले. पुस्तके खपत होती, चित्रपट निघत होते, तरी लेखकाच्या हाती फारसे काही लागत नव्हते. १९६८ साली शासनाकडून गोरेगावच्या सिद्धार्थनगरात त्यांना एक लहानसे घर मिळाले. तेथे ते फार काळ राहिले नाहीत. १८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. वयाची एकोणपन्नास वर्षेही पूर्ण झाली नव्हती. भीमाच्या कथेत काम परत येते ते हात गेल्यावर. तिच्या लेखकाच्या आयुष्यातही तसेच काहीसे घडले. सन्मान आले ते तो गेल्यावर. भारतीय टपाल खात्याने १ ऑगस्ट २००२ रोजी त्यांच्या नावे तिकीट काढले. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

हे सारे आनंदाचे आहे. तथापि पुतळा आणि तिकीट यांमुळे आपले देणे फिटले असे मानता येणार नाही. आपण मुनिरक्यात आलो ते बहुधा नेमणुकीचे पत्र, बदलीचा हुकूम किंवा विद्यापीठातील प्रवेश हाती घेऊन. परगावी आल्याचे दुःख आपल्यालाही आहे आणि या मंडळाने पन्नास वर्षे त्यावर फुंकर घातली आहे. गणपती, दिवाळी अंक, नाटके आणि पुरणपोळी यांनी आपण आपला महाराष्ट्र येथे जपला. पण त्या महाराष्ट्रात वाटेगावचा मांगवाडा, माटुंग्याचा लेबर कँप आणि चिरागनगरची झोपडी यांना कितीशी जागा होती, हे आपण आपल्याशीच विचारावयास हवे. आमचे स्वतःचे उत्तर फारसे अभिमानास्पद नाही.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षी वाचकांना आमची एक साधी विनंती आहे. ‘फकिरा’ची एक प्रत घरी आणावी आणि ती मुलांबरोबर वाचावी. ज्यांना मराठी वाचन अवघड जाते, त्यांना ती वाचून दाखवावी. फकिराने धान्य लुटले ते बरोबर की चूक, असे मुले विचारतील. त्याचे उत्तर घाईने देऊ नये. तो प्रश्न घरात काही दिवस राहू द्यावा. दाराशी कामासाठी येणाऱ्या माणसाकडे पाहण्याची आपली दृष्टी त्यामुळे थोडी जरी बदलली, तरी या स्मरणिकेचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

वाटेगावच्या या तुकारामास आमचे विनम्र अभिवादन.